यू, तुझं मी काय करू? गायशियाच्या रात्रीचं प्रकरण

सिमा छियानच्या 'शिजी' या इतिहासग्रंथात १३० अध्याय आहेत. सातवा अध्याय छू देशाचा योद्धा-राजा शियांग यू याचा. त्या संबंध अध्यायात यू नावाच्या स्त्रीच्या वाट्याला आलेली चिनी अक्षरं मोजून बारा. आधी आठ अक्षरं: 'यू नावाची सुंदरी होती, मर्जीतली, नेहमी त्याच्यासोबत असे.' मग थोड्या ओळींनंतर चार: 'सुंदरीने साथ दिली.' साथ म्हणजे गाण्याची साथ. तो गायला आणि तिने त्याला गाण्यात उत्तर दिलं. याशिवाय शियांग यूच्या कवितेत तिच्या नावाने दोनदा हाक येते, तेवढीच. तिथे तलवार नाही, नाच नाही, गळ्यावरून फिरलेलं पातं नाही, थडगंही नाही.

आणि तरी आज चीनमध्ये तिचं नाव काढलं की पहिली आठवण येते ती तिने स्वतःचा गळा चिरल्याची. गायशियाच्या वेढ्यात त्या रात्री नेमकं काय घडलं, यातलं किती लिहून ठेवलेलं आहे, किती मागाहून आलं आणि कुठून आलं, हे इथे एकेक धागा सोडवत पाहायचं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. शियांग यूमधला 'यू' आणि हिचा 'यू' हे चिनीत वेगळे शब्द आहेत. अक्षर वेगळं, सूरही वेगळा. देवनागरीत ते सारखेच दिसतात, म्हणून हिला रूढ नावाने यू-जी म्हणू. यातलं 'जी' आपलं आदराचं नव्हे. राजाच्या अंतःपुरातल्या स्त्रीसाठीचा तो शब्द आहे आणि 'शिजी'त तो तिला लावलेला नाही. 'यू' हे तिचं नाव होतं की आडनाव, यावरही दोन जुन्या ग्रंथांचं एकमत नाही. 'शिजी' म्हणतो नाव, इ.स. पहिल्या शतकातला बान गूचा 'हानशू' म्हणतो आडनाव. 'सुंदरी' असं ज्याचं भाषांतर करतो तो 'मेइरेन' हा शब्द हान काळात अंतःपुरातल्या एका दर्जाचंही नाव होता. तेव्हा तिच्या रूपाची तारीफ म्हणूनच तो शब्द आलाय असं धरून चालू नये.

वेढ्यापर्यंतची वाट

शियांग यू छू देशातल्या सेनापती घराण्यातला. छिन राज्याने इ.स.पू. २२३ मध्ये छू गिळंकृत केला, त्या युद्धात त्याचे आजोबा शियांग यान गेले. २०९ मध्ये त्याने काकांबरोबर बंडाचं निशाण उभारलं. २०७ मध्ये जूलूच्या लढाईआधी नदी ओलांडून नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, माणसामागे तीन दिवसांचा शिधा ठेवला आणि लढाई मारली. पुढच्या वर्षी छिन राजवट संपल्यावर त्याने मुलूख अठरा राजांत वाटला आणि स्वतः पश्चिम छूचा अधिराज झाला. राजधानी पंगचंग, म्हणजे आजचं शूजोउ. अठरांपैकी एक होता हानचा राजा लिऊ बांग.

पुढची चार वर्षं या दोघांची. शियांग यू रणांगणावर भारी होता. २०५ मध्ये पंगचंगला त्याने ३०,००० निवडक माणसांनिशी ५,६०,००० च्या फौजेची दाणादाण उडवली. मात्र त्याचं दुखणं रसदेत होतं. लिऊ बांगच्या पाठीशी शियाओ ह हा कारभारी ग्वानजोंगच्या खोऱ्यातून धान्य आणि नव्या भरतीची माणसं सतत पाठवत होता. शियांग यूच्या पिछाडीला लिऊ बांगच्या बाजूचा पंग युए दाणागोटा तोडत होता. त्याला हुसकायला गेलं की आघाडी ढिली पडायची, आघाडीवर परत आलं की तो पुन्हा हजर. २०३ मध्ये होंग कालव्याच्या रेषेवर तह झाला: पश्चिम हानची, पूर्व छूची. चिनी बुद्धिबळाच्या पटावर मधल्या पट्ट्यात 'छूची नदी, हानची सीमा' असं लिहिलेलं असतं, ते याच वाटणीची आठवण म्हणून. लिऊ बांगचे वडील आणि बायको ल्यू हे छूच्या ताब्यात ओलीस होते, ते सुटले. शियांग यू पूर्वेकडे परतायला लागला आणि लिऊ बांगने तह मोडून त्याच्या मागे फौज घातली.

इथे एक तपशील सहसा गाळला जातो. गूलिंगला लिऊ बांगने उलट मारच खाल्ला, कारण त्याचा सेनापती हान शिन आणि पंग युए ठरल्याप्रमाणे आले नाहीत. त्यांना मुलूख कबूल केल्यावर मग ते आले. दरम्यान हानचा घोडदळ सेनापती ग्वान यिंग याने पंगचंग घेतलं होतं आणि छूचा महासेनापती जोउ यिन दक्षिणेत फुटून हानला मिळाला होता. यू-जी छावणीत का होती, असा प्रश्न काहींना पडतो. ती नेहमीच त्याच्यासोबत असे, हे तर मूळ वाक्यच सांगतं. शिवाय त्या हिवाळ्यात तिला मागे ठेवायला सुरक्षित राजधानी उरलीच नव्हती.

गायशिया म्हणजे आजच्या आनह्वेइ प्रांताच्या उत्तरेला, लिंगबी आणि गूजन तालुक्यांच्या शिवेवरचा भाग. वर्ष धरतात इ.स.पू. २०२. हान पंचांगात वर्ष दहाव्या महिन्याला सुरू व्हायचं आणि हा बारावा महिना, म्हणजे ऐन थंडी. हान शिन ३,००,००० माणसं घेऊन समोर, दोन सेनापती डाव्या-उजव्या बगलेला, लिऊ बांग मागे. छूची फौज सुमारे १,००,०००. हान शिनने आधी धडक दिली, रेटला गेला, मागे सरकला. छूची फळी पुढे ओढली गेली तशा दोन्ही बगला तिच्यावर तुटून पडल्या, आणि हान शिन पुन्हा वळला. उरलेली छू फौज तटबंदीत शिरली. माणसं कमी, धान्य संपलेलं, भोवती वेढ्याचे पदरावर पदर.

तंबूतली घटका

रात्री चारही बाजूंनी छूची गाणी ऐकू आली. पुढच्या काळातल्या कथेत ही लिऊ बांगच्या सल्लागाराची, जांग लियांगची युक्ती ठरते. तो टेकडीवर बसून बासरी वाजवतो आणि छूचे शिपाई घरच्या ओढीने पळून जातात. 'शिजी'त युक्तीचा उल्लेख नाही आणि तिची गरजही नाही. जोउ यिनबरोबर फुटलेली माणसं छूचीच होती. खुद्द लिऊ बांग आणि त्याचे जुने साथी पेइ गावचे, तोही मुलूख छूचाच. शियांग यू दचकून म्हणतो: 'हानने सगळा छू घेतला की काय? इतकी छूची माणसं आली कुठून?' हे गाण्याने व्याकूळ झालेल्या माणसाचं बोलणं वाटत नाही. अंधारात दिसत नाही ते सेनापती कानाने मोजतो आहे, आणि त्याला आकडा कळला आहे.

तो उठला, तंबूत प्यायला बसला. इथेच लेखक दोन ओळखी शेजारीशेजारी करून देतो: यू नावाची सुंदरी, नेहमी सोबत असणारी, ज्वेइ नावाचा करडा घोडा, नेहमी बसायचा. मग शियांग यूने स्वतः रचून गाणं म्हटलं. चार ओळी, प्रत्येकी सात अक्षरं:

डोंगर उपटेल असं बळ, जग झाकेल असा दम;
वेळ फिरली, ज्वेइ पाऊल उचलेना.
ज्वेइ पाऊल उचलेना, करावं काय?
यू, अगं यू, तुझं मी काय करू?

प्रत्येक ओळीत चौथं अक्षर 'शी' आहे. त्याला अर्थ नाही. छूच्या गाण्यात सूर लांबवायला ते येतं, आपल्या शाहिराच्या 'जी रं जी'सारखं. शेवटची ओळ भाषांतरात फार वेळा बिघडते. 'तुझं काय होणार?' असं केलं की ती नशिबाबद्दलची हळहळ होते. मूळ बांधणी 'तुझ्या बाबतीत मी काय करू शकतो' अशी आहे. करणारा तो आहे, आणि त्याच्या हातात काही उरलेलं नाही. हा निर्णयाचा प्रश्न आहे, उजाडायच्या आत द्यायच्या उत्तराचा.

गाणं त्याने पुन्हा पुन्हा म्हटलं, सुंदरीने साथ दिली. त्याच्या गालांवरून आसवं ओघळली, भोवतालचे सगळे रडले, कुणाला मान वर करवेना. आणि पुढचंच वाक्य: 'मग राजा घोड्यावर बसला.' या दोन वाक्यांच्या मध्ये काहीही नाही. यू-जीचं संपूर्ण प्रकरण या मोकळ्या जागेत आहे.

फोडलेला वेढा

आठशेहून थोडे जास्त स्वार घेऊन तो अंधारातच दक्षिणेकडे फोडून बाहेर पडला. हानला पत्ता लागला उजाडल्यावर. ग्वान यिंग ५,००० स्वार घेऊन मागे लागला. ह्वाय नदी ओलांडली तेव्हा शंभरावर स्वार सोबत उरले होते. यिनलिंगला वाट चुकली. एका शेतकऱ्याला विचारलं, त्याने फसवून 'डावीकडे' सांगितलं आणि ते दलदलीत रुतले. दोंगचंगला पोहोचले तेव्हा अठ्ठावीस. शेवट यांगत्से नदीवरच्या वूजियांगच्या धक्क्यावर. आजच्या नकाशावर ही धाव सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते.

या आकड्यांत यू-जीला कुठे ठेवायचं? तीन शक्यता आहेत: ती स्वारांबरोबर निघाली, तळावर मागे राहिली, किंवा निघण्याआधी मेली.

पहिली अवघड आहे, पण अशक्य नाही. त्या काळी चीनमध्ये रिकीब नव्हती. मांड्यांच्या पकडीवर तोल सांभाळत, रात्री, ओळ फोडत दौडायचं हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम. चार वर्षं मोहिमेवर हिंडलेली बाई घोड्यावर बसत नसेल असं छातीठोक म्हणता येत नाही. पण आठशेचे शंभर झाले, शंभराचे अठ्ठावीस झाले, आणि त्या सविस्तर वर्णनात ती एकदाही दिसत नाही.

दुसरी शक्यता लोक चटकन झटकतात: शत्रूच्या हाती लागली असती तर जगली नसती, असं म्हणून. पुरावा तसं सांगत नाही. वेइचा राजा वेइ बाओ २०५ मध्ये हानच्या हाती लागला, तेव्हा त्याच्या अंतःपुरातल्या बो नावाच्या स्त्रीला हानच्या विणकामाच्या कोठीत कामाला लावलं. पुढे लिऊ बांगने तिला आपल्या अंतःपुरात घेतलं आणि तिचा मुलगा इ.स.पू. १८० मध्ये सम्राट वन झाला. शियांग घराण्याच्या पुरुषांनाही लिऊ बांगने मारलं नाही. चौघांना सरदारक्या दिल्या, काहींना आपलं लिऊ आडनाव दिलं. हरलेल्याची स्त्री पकडली गेली तर तिच्या वाट्याला मरणापेक्षा कोठी आणि नवा मालक येण्याचीच शक्यता जास्त होती. ते तिला मरणाहून वाईट वाटलं असेल का, हा प्रश्न निराळा, आणि तो खरा आहे.

तिसरी शक्यता जगाने मान्य करून टाकली आहे. आपल्याकडच्या वाचकाला इथे सती किंवा जोहार आठवतो. ती तुलना इथे लागू होत नाही. शियांग यू तेव्हा जिवंत होता, निघायच्या तयारीत होता, आणि तिने असं करावं असं सांगणारी रीत छूमध्ये नव्हती. नंतरच्या कथेतही ती मरते ती त्याच्या पायातली बेडी होऊ नये म्हणून.

घोड्याचं काय झालं ते मात्र लिहिलेलं आहे. वूजियांगला तिथल्या ठाण्याचा प्रमुख होडी घेऊन थांबला होता, पलीकडे चला म्हणाला. शियांग यू म्हणाला, पलीकडची ८,००० मुलं घेऊन निघालो होतो, एकही परत आला नाही, त्यांच्या आईबापांना तोंड कसं दाखवू? मग म्हणाला: हा घोडा पाच वर्षं बसलो, दिवसाला हजार ली (अंतराचं चिनी माप) धावायचा, याला मारवत नाही, तुम्हाला देतो. गाण्यातल्या दोन अडचणींपैकी एकीचा निकाल असा नावानिशी, जागेनिशी लागला. त्यानंतर पायी लढून, दहावर जखमा अंगावर घेऊन त्याने स्वतःचा गळा चिरला. वय तिशीच्या उंबऱ्यावर.

वीस अक्षरं कुठून आली

यू-जीने दिलेलं उत्तर आज पाठ्यपुस्तकांतही सापडतं. पाच अक्षरांच्या चार ओळी:

हानच्या फौजांनी मुलूख घेतला,
चहूकडून छूचं गाणं;
महाराजांचा धीर संपला,
दासीने आता कशाला जगावं?

ते आलं 'शिजी'वरच्या टीकेतून, म्हणजे भाष्यातून. इ.स. ७३६ मध्ये जांग शोउजिये याने टीका पुरी केली, त्यात 'छू-हान छुनछिऊ' या ग्रंथाचा हवाला देऊन या ओळी दिल्या. तो ग्रंथ लिऊ बांगच्या पदरी असलेल्या लू जियाचा, म्हणजे घटनेच्या अगदी जवळचा. मूळ ग्रंथ पुढे नष्ट झाला. हा हवाला खरा असेल तर तिचा शब्द आपल्यापर्यंत आलाय.

शंका दोन. सिमा छियानने 'छू-हान छुनछिऊ' वापरला होता, असं बान गू सांगतो. मग समोर असलेलं हे गाणं त्याने का सोडलं, राजाचं गाणं पूर्ण देऊन? दुसरी शंका घाटाची: ओळी सरळ पाच अक्षरांच्या, 'शी' कुठेच नाही, छूच्या गाण्याचा तो ताण नाही. पाच अक्षरी ओळी त्या काळात अजिबात नव्हत्या असं नाही. लिऊ बांगच्या लाडक्या छी हिचं कैदेतलं गाणं 'हानशू'त आहे, त्यात तशा ओळी येतात. पण वीसच्या वीस अक्षरं इतकी नीट घडीची असणं नंतरच्या हाताकडे बोट दाखवतं. आमचा कौल असा: तिने गाऊन उत्तर दिलं हे पक्कं धरावं, हेच शब्द तिचे असं धरू नये. आणि हेही ध्यानात ठेवावं की या ओळींतसुद्धा ती मेली असं कुठे नाही. जगण्यात अर्थ उरला नाही, इतकंच ती म्हणते.

छीची गोष्ट आणखी एका कारणाने इथे कामाची आहे. तिच्या मुलाला गादी मिळणार नाही हे ठरल्यावर ती रडायला लागली, तेव्हा म्हातारा लिऊ बांग तिला म्हणाला: तू माझ्यासाठी छूचा नाच कर, मी तुझ्यासाठी छूचं गाणं म्हणतो. संकटाच्या घटकेला स्वामी आणि त्याची स्त्री यांनी गाण्या-नाचातून बोलणं ही छूकडच्या माणसांची जिवंत सवय होती, हे यातून दिसतं. गायशियाच्या तंबूतली साथ त्यामुळे नाटकी वाटत नाही. लिऊ बांग मेल्यावर ल्यूने छीचे हातपाय तोडले, डोळे काढले. जिंकलेल्या बाजूच्या लाडकीचा हा शेवट.

मधल्या काळात एक उलटी गोष्टही घडली, आणि ती वाचताना मनाला लागते. १०८४ मध्ये पूर्ण झालेल्या 'त्सुजी थोंगज्येन' या मोठ्या इतिहासात हीच रात्र येते. छूची गाणी आहेत, तंबूतलं मद्य आहे, आसवं आहेत, ज्वेइ घोडा नावासकट आहे. यू-जी नाही, आणि गाण्याचे शब्दही नाहीत. राज्यकारभाराला उपयोगी इतिहास लिहायचा होता, त्यात घोडा बसला, ती बसली नाही.

थडगी, रोप आणि रंगमंच

लोकांनी तिला सोडलं नव्हतं. सातव्या शतकातल्या, तांग राजवटीच्या भूगोलग्रंथात दिंगयुआन तालुक्याच्या पूर्वेला साठ ली अंतरावर तिचं थडगं असल्याचं, जुनीजाणती माणसं तसं सांगत असल्याचं लिहिलेलं आहे. दुसरं थडगं लिंगबीला. एक ह्वायच्या दक्षिणेला, पळण्याच्या वाटेवर; दुसरं रणभूमीजवळ. लोककथेने दोन्ही सांधली: धड एकीकडे, शिर दुसरीकडे.

अकराव्या शतकातल्या शन ख्वोने तर एक प्रयोगच नोंदवला आहे. 'यू सुंदरी' नावाचं रोप 'यू सुंदरी' हे गाणं म्हटल्यावर पानं हलवतं, दुसऱ्या गाण्याला हलत नाही, अशी समजूत होती. गाओयौचा सांग जिंगशू हा सुरांचा जाणकार. त्याने करून पाहिलं, पानं हलली. मग त्याने गाण्याचे स्वर तपासले, ते वू प्रांताच्या धाटणीचे निघाले. त्याच धाटणीत, मूळ गाण्याशी एकही स्वर जुळणार नाही अशी नवी गत रचून त्याने छिन नावाच्या तंतुवाद्यावर रोपासमोर वाजवली. पानं पुन्हा हलली. रोप तिच्या नावाला ओळखत नव्हतं, हे त्याने नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं. आज 'यू सुंदरी' हे नाव खसखशीच्या कुळातल्या पातळ लाल पाकळ्यांच्या फुलाला आहे.

आजची यू-जी मात्र घडली ती रंगमंचावर. बीजिंगमध्ये १९२२ च्या फेब्रुवारीत यांग शियाओलोउ शियांग यू झाला आणि मेइ लानफांग यू-जी. मेइ हा स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट, बालगंधर्वांचा समकालीन. नाटकाने इतिहासात चार बदल केले, आणि प्रयोग पाहताना ते ओळखू यावेत. एक, छूची गाणी आधी ऐकते ती यू-जी. राजा झोपलेला असताना ती चांदण्यात बाहेर येते, पहारेकऱ्यांचं बोलणं कानावर पडतं, आणि ती आत जाऊन त्याला उठवते. दोन, साथीच्या गाण्याच्या जागी दोन तलवारींचा नाच आला, जिंगहू या तंतुवाद्यावर 'ये शन छन' ही गत आणि ढोलाची साथ. तीन, ती वीस अक्षरं तिच्या तोंडी पक्की झाली. चार, मरण.

नाचाची कसोटी पायांपेक्षा मानेत आहे. राजाकडे तोंड असताना चेहरा हसरा हवा. गिरकी घेऊन पाठ वळली की तोच चेहरा कोसळायला हवा. पुढच्या गिरकीला पुन्हा हसू. तलवारी हात दाखवण्यासाठी फिरवल्या की नाच कसरत होतो. ती राजाचं मन रमवायला नाचते आहे आणि त्याच वेळी निरोप घेते आहे, या दोन्ही गोष्टी एकाच लयीत दिसल्या तर प्रवेश उभा राहतो. पुढे ती त्याची तलवार मागते. तो देत नाही. ती पुन्हा मागते, तो कमरेची तलवार सांभाळत मागे सरतो. शेवटी 'हानचे शिपाई आत आले' म्हणून ती ओरडते, तो वळून पाहतो, तेवढ्यात त्याच्याच म्यानातून पातं बाहेर आलेलं असतं.

मूळ संहिता दोन रात्रींची होती, ती छाटून एका रात्रीची केली. सुरुवातीच्या प्रयोगांत यू-जीनंतर वूजियांगचा प्रवेश असे: दलदल, होडी, घोडा, राजाचा शेवट. आता पुष्कळ प्रयोग तिच्या मरणाशीच थांबतात. 'शिजी'त जागा, माणसं आणि जखमांसकट लिहिलेला शियांग यूचा मृत्यू त्यांतून गळून गेला आहे.